सातबारा किती खोल असतो?



मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. गाव नागपूर जिल्ह्यातलेच, खाणपट्ट्यातले. बचतीचे पैसे मोजून झाले, कर्जाचे हप्ते वहीत चढले आणि नेहमीप्रमाणे गप्पा निघाल्या. एका मावशींच्या विहिरीचे पाणी दोन वर्षांपासून खाली जात होते. घराच्या भिंतीला तडाही गेला होता. गावाच्या बाजूला खाण आहे आणि ती जमिनीखालून पुढे सरकते, हे सगळ्यांना ठाऊक. मावशी मला म्हणाल्या, "ताई, वावर माह्यं हाये. सातबाऱ्यावर माह्यं नाव हाये. मंग वावराच्या खालचा कोळसा कोनाचा?"

मला उत्तर देता आले नाही. बी.ए.ला इतिहास शिकले, पण त्यात राजे होते, लढाया होत्या. जमिनीखालचा इतिहास कोणी शिकवला नव्हता. "पुढच्या बैठकीत सांगते," असे म्हणून मी सुटका करून घेतली. मग वाचत गेले, माहितगारांना विचारत गेले. जे कळले ते आज तुम्हाला सांगते.

आधी जमिनीच्या खाली काय आहे ते बघू. नागपूर जिल्ह्याच्या पोटात दोन मोठी धने आहेत. कन्हान नदीच्या आसपास कामठी, सिल्लेवाडा, पाटणसावंगी, सावनेर आणि दुसरीकडे उमरेड, या भागात दगडी कोळसा. रामटेकच्या बाजूला मनसर, कांद्री आणि सावनेरकडे गुमगाव, इथे मँगनीज. मँगनीज लागते पोलाद करायला, कोळसा लागतो वीज करायला.

हा कोळसा सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा. त्या वेळी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका एकाच भूखंडात जोडलेले होते. त्या भूखंडाला सारे जग 'गोंडवाना' म्हणते. हे नाव आपल्या गोंड राजांच्या मुलखावरून पडले. जगातल्या कुठल्याही देशातले मूल भूगोल शिकताना आपल्या गोंडांचे नाव घेते, हे आपल्याला माहीत असायला हवे. कोळशाच्या वर जे वालुकाश्माचे थर आहेत, त्यांना भूशास्त्रात 'कामठी' हेच नाव आहे. मँगनीजच्या पट्ट्यातल्या एका दगडाला 'गोंडाईट' म्हणतात. एल. एल. फर्मोर नावाच्या इंग्रज भूशास्त्रज्ञाने ते नाव दिले. भारतातल्या मँगनीजवरचा त्याचा मोठा ग्रंथ १९०९ मध्ये निघाला.

पण त्याच्याही आधी या मातीचा अभ्यास केला तो एका पाद्र्याने. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपूरला आला. हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाचे, तोच हा. धर्मप्रसारासाठी गावोगाव फिरताना तो दगड गोळा करायचा. कामठी, सिल्लेवाडा, भरतवाडा इथल्या दगडांत त्याला झाडांच्या पानांचे ठसे सापडले. जिभेच्या आकाराचे ते पान, ग्लोसोप्टेरिस. असेच ठसे पुढे आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकातही मिळाले, आणि हे सगळे देश एके काळी एक होते याचा मोठा पुरावा ठरले. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटच्या बाजूला पुराच्या नाल्यात बुडून गेला. ज्या सिल्लेवाड्याच्या दगडात त्याला पान दिसले, त्याच सिल्लेवाड्याला पुढे जमिनीखालची कोळसा खाण झाली.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण सगळे भांडण तिथूनच सुरू होते. कोळशाचा थर जमिनीखाली तिरपा उतरत जातो. एका गावात तो पन्नास मीटरवर असेल तर पुढच्या गावात दीडशे मीटरवर जाईल. मध्येच खडक तुटून थर वर-खाली सरकलेला असतो. मँगनीजचे थर तर घडी घातलेल्या लुगड्यासारखे दुमडलेले आहेत. आपण शेताला धुरा घालतो, तो वरच्या मातीला. खालचा थर कोणाचाही धुरा मानत नाही. तो माझ्या वावराखालून निघतो, तुमच्या वावराखालून जातो आणि तिसरीच्या घराखाली खोल उतरतो. शिवाय कामठीच्या बाजूला वरून काहीच दिसत नाही. वर नदीने आणलेली माती, तिच्याखाली वालुकाश्म आणि त्याच्याखाली कोळसा. बोअर मारल्याशिवाय खाली काय आहे ते कळत नाही. म्हणून माहिती ज्याच्याकडे यंत्र आहे त्याच्याकडे असते, आणि वावर आपल्याकडे असते.

मग हक्क कुठवर, हे कसे ठरवायचे? वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. अमेरिकेत १८७२ च्या कायद्याने असे ठरवले की धातूच्या शिरेचे वरचे टोक ज्याच्या हद्दीत असेल, त्याने ती शीर धरून शेजाऱ्याच्या जमिनीखालीही जावे. ऐकायला सोपे वाटते. पण शिरेचे टोक नेमके कोणते? मधे तुटलेली शीर एकच मानायची की दोन? मोंटानातल्या बुट गावी तांब्याच्या खाणींवरून यासाठी वर्षानुवर्षे खटले चालले. ऑगस्टस हाइन्झे नावाच्या खाणमालकाने मोठ्या कंपनीला या एका कायद्यावर जेरीस आणले आणि शेवटी १९०६ मध्ये आपले खटले आणि खाणी विकून तो मोकळा झाला. दोन्ही बाजूंचे भूशास्त्रज्ञ कोर्टात उभे राहत आणि एकाच दगडाबद्दल उलटसुलट साक्ष देत.

आपल्याकडे अशी वाट धरली नाही. १९६० च्या खनिज सवलत नियमांत सांगितले आहे की खाणपट्ट्याची हद्द जमिनीवरून सरळ खाली, पृथ्वीच्या केंद्राच्या दिशेने जाते. गवंडी ओळंबा सोडतो ना, तशी. थर कितीही तिरपा गेला तरी ओळंब्याच्या पलीकडे हात घालायचा नाही. यामुळे खाण आणि खाण यांच्यातले बरेच भांडण मिटले. पण मावशींचा प्रश्न राहिलाच. ओळंबा खाली गेला, पण त्या ओळंब्याच्या आतले धन कोणाचे?

याचे उत्तर दगडात नाही, कागदात आहे. आणि तो कागद प्रत्येक मुलखात वेगळ्या वेळी, वेगळ्या हाताने लिहिला गेला.

बंगाल-बिहारमध्ये इंग्रजांनी १७९३ साली जमीनदारांशी कायमधारा ठरवला. पुढे झरियाच्या बाजूला कोळसा सापडला, तेव्हा जमीनदार आणि त्याच्याकडून जमीन घेतलेले लोक यांच्यात खटले झाले. १९१० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की खालचे खनिज जमीनदाराचे. त्याने ते स्पष्ट लिहून दिल्याशिवाय वर राहणाऱ्याला मिळत नाही. केरळच्या मलबारात तिसरीच तऱ्हा. तिथे जन्मी नावाचे जुने जमीनमालक होते. त्यांच्याकडून आलेल्या जमिनीखालचे खनिज कोणाचे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की एरवी जमीन ज्याची त्याचेच खालचेही. कायद्याने ते काढून घेतले असेल तरच सरकारचे. हा निकाल वाचून मला आनंद झाला. वाटले, मावशींना सांगायला गोड बातमी मिळाली. पण तो आनंद टिकला नाही, कारण आपल्याकडे कायद्याने ते केव्हाच काढून घेतले होते.

आपल्या नागपूरची गोष्ट अशी. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले. त्यांना वारस नाही असे म्हणून इंग्रजांनी राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. जमीनमहसूल गोळा करणाऱ्या मालगुजारांना इंग्रजांनी गावाचे मालक ठरवले. मालकी दिली, पण हातचे राखून. १८८१ च्या मध्य प्रांत जमीन महसूल कायद्यात लिहिले गेले की बंदोबस्ताच्या कागदात किंवा सनदेत वेगळे लिहिलेले नसेल तर खाणी, खनिजे, कोळसा यांवरचा हक्क सरकारचा. वरोऱ्याला तर सरकार स्वतःच कोळशाची खाण चालवत होते. ती १९०६ मध्ये बंद झाली. म्हणजे आपल्याकडे मालगुजारही खालच्या धनाचा मालक नव्हता, मग कुळाची काय कथा!

मँगनीज आले ते याच काळात. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाले. त्याचीच पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी झाली, विलायतेत नोंदलेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मनसरच्या बाजूचे मँगनीज आगगाडीने बंदराला आणि बोटीने परदेशी जाऊ लागले. खाणीवर दगड फोडायला, निवडायला, टोपल्या वाहायला आपल्याच भागातली माणसे होती आणि त्यात बायका पुष्कळ होत्या. १९६२ मध्ये केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी मिळून एक्कावन्न टक्के हिस्सा घेतला आणि मॉइल झाली. १९७७ मध्ये उरलेला एकोणपन्नास टक्केही सरकारने घेतला. कोळशाच्या खाणी १९७३ मध्ये राष्ट्रीय झाल्या. आज वेस्टर्न कोलफिल्ड्स, मॉइल आणि भारतीय खाण ब्यूरो या तिन्हींची मुख्य कार्यालये नागपुरात आहेत. देशाच्या खाणींचे केवढे तरी कागद आपल्याच शहरात फिरतात.

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली. १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने १९५१ मध्ये मालगुजारांचे हक्क सरकारजमा झाले. त्या कायद्यात जंगल, तलाव, बाजार यांच्या बरोबरीने जमिनीच्या पोटातल्या सगळ्याचा वेगळा उल्लेख आहे, खाण चालू असो वा नसो. पुढे आपण महाराष्ट्रात आलो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ४८ आजही लागू आहे. ते म्हणते की सरकारने दिलेल्या सनदेत वेगळे लिहिलेले नसेल तर जमिनीवर असो की जमिनीखाली, खनिजावरचा हक्क राज्य सरकारचा.

तर मैत्रिणींनो, मावशींच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे: वावर तुमचे, कोळसा सरकारचा. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिलेले असते, पीक लिहिलेले असते. खोली कुठेच लिहिलेली नसते.

पण इथे थांबू नका. मला स्वतःला जे सर्वात महत्त्वाचे वाटले ते याच कलमात पुढे आहे. खनिजाचा हक्क वापरताना जमिनीचा वरचा भाग व्यापला किंवा बिघडवला आणि त्यामुळे कोणाच्या हक्काला बाधा आली, तर सरकारने किंवा ज्याला सरकारने तो हक्क दिला त्याने भरपाई द्यायची. ती जिल्हाधिकारी ठरवतात आणि ती मान्य नसेल तर दिवाणी न्यायालयात जाता येते. इंग्रजांच्या १८८१ च्या कायद्यातही वरच्या जमिनीच्या नुकसानीची भरपाई होती. म्हणजे गेली सव्वाशे-दीडशे वर्षे कायदा दोन वाक्ये एका दमात बोलतो आहे: खालचे आमचे, आणि वरचे बिघडले तर आम्ही देणे लागतो. पहिले वाक्य गावात सर्वांना पाठ आहे. दुसरे कोणी सांगत नाही.

कोळशासाठी आणखी एक कायदा आहे, १९५७ चा कोळसाधारक क्षेत्र संपादन कायदा. त्याचा क्रम ध्यानात ठेवा. पहिली अधिसूचना निघते ती नुसत्या शोधासाठी. बोअर मारायला माणसे येतात. दुसरी निघते ती संपादन करण्याचा इरादा सांगायला. या दुसरीनंतर तीस दिवसांत हितसंबंधी माणसाला लेखी हरकत घेता येते. "कोळसा आम्हीच काढू" ही हरकत मात्र चालत नाही, हे कायद्यातच लिहून ठेवले आहे. त्यानंतर संपादनाची घोषणा होते. आणि हे संपादन पूर्ण जमिनीचे असू शकते किंवा नुसत्या हक्काचे. उघडी खाण असेल तर जमीनच जाते, डोळ्यांना दिसते. पण खालून खाण न्यायची असेल तर जमीन तुमच्याकडेच ठेवून फक्त खालून खणण्याचा हक्क घेता येतो. सातबारा बदलत नाही, नांगर चालू राहतो, आणि खाली काम सुरू असते. म्हणून आपले गाव अधिसूचनेत आहे का, आणि असेल तर जमीन गेली की हक्क गेला, हे आधी विचारायचे.

आता खाली काय होते ते सांगते. जमिनीखाली कोळसा काढताना आधी गल्ल्या खणतात आणि मधे कोळशाचेच मोठे खांब सोडतात. त्यांना पिलर म्हणतात. या पिलरवर वरचे छत उभे असते. सगळी गल्ली संपली की शेवटी तेच पिलर काढत मागे यायचे; याला डिपिलरिंग म्हणतात. पिलर गेला की छत खाली बसते. रिकाम्या जागेत नदीची रेती पाण्याबरोबर भरली तर बसणे कमी होते. नाही भरली तर वरची जमीन दबते, भेगा पडतात आणि त्या भेगांतून वरचे पाणी खाली झिरपू शकते. म्हणूनच रेल्वे, सार्वजनिक रस्ता, इमारती यांच्या खाली किंवा पंचेचाळीस मीटरच्या आत काम करायचे तर खाण सुरक्षा अधिकाऱ्यांची परवानगी लागते.

पण विहीर आटली म्हणजे खाणीमुळेच आटली, असे म्हणून चालत नाही. पाऊस कमी झाला असेल, शेजारी खोल बोअर पडली असेल, संत्र्याच्या बागांना उपसा वाढला असेल. समोरचा हेच म्हणणार, आणि कधी कधी ते खरेही असेल. बुटच्या कोर्टात जसे दोन भूशास्त्रज्ञ भांडले तसेच इथेही होते. फरक एवढाच की तिथे दोन्ही बाजूंकडे भूशास्त्रज्ञ होता. आपल्याकडे नसतो. मग आपल्याकडे काय असू शकते? आपल्याकडे नोंद असू शकते.

नोंद नसली की काय होते, याचा एक जुना निकाल आपल्याच भागातला आहे. शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९५८. गोंदियाकडच्या जमीनदाराने १९४८ मध्ये आपल्या बायकोला जंगलातले लाकूड, बांबू तोडण्याचा हक्क काही वर्षांसाठी लिहून दिला. कागद होता, पण नोंदणी केलेली नव्हती. मालगुजारी-जमीनदारी गेल्यावर सरकारने तिला अडवले. ती थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. एवढी धीराची बाई! पण कागद नोंदलेला नाही म्हणून हरली. खटला जंगलाचा होता, खाणीचा नव्हता. धडा मात्र आपल्याला तोच.

आणि नोंद म्हटली की नाव आले. भरपाई मिळते ती सातबाऱ्यावर ज्यांचे नाव त्यांना. विहिरीचे पाणी ओढते बाई, तडा गेलेली भिंत लिंपते बाई आणि धनादेश निघतो दुसऱ्याच्या नावाने. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये दिला. तरी वारसनोंदीच्या वेळी किती जणी "भावाला राहू दे" म्हणून सही करून येतो? खाणीशी तर आपले नाते असेच आत-बाहेर होत आले. १९२९ च्या नियमांनी बायकांना भूमिगत खाणीतून हळूहळू बाहेर काढायचे ठरले. महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये पुन्हा खाली उतरवले, १९४६ मध्ये पुन्हा बाहेर काढले. २०१९ पासून त्यांच्या लेखी संमतीने आणि काही अटींवर पुन्हा परवानगी मिळाली. गरजेप्रमाणे बोलावले आणि गरजेप्रमाणे पाठवले.

शेवटी एक उपयोगाची गोष्ट. २०१५ पासून प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान असते. खाणवाले सरकारला जे स्वामित्वधन देतात, त्याच्या प्रमाणात वेगळी रक्कम त्यांना या प्रतिष्ठानात भरावी लागते. जुन्या पट्ट्यांना तीस टक्के, लिलावाने दिलेल्या नव्यांना दहा टक्के. हा पैसा खाणीची झळ बसलेल्या गावांसाठी आहे आणि पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण यांना त्यात अग्रक्रम आहे. ग्रामसभेत बसा, ठराव घ्या, लेखी मागा, पोच घ्या.

पुढच्या बैठकीत मी मावशींना हे सगळे सांगितले. कोळसा आपला नाही हे ऐकून त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "कोळसा घेऊन मी करू बी काय? मले पानी पाह्यजे." त्या दिवशी गटाने ठरवले. एका दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारल्या. आता दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी दोघी जणी गावातल्या पाच विहिरींत ती दोरी सोडतात. पाणी किती गाठींवर लागले ते तारखेसह गटाच्या वहीत चढते, खाली सगळ्यांच्या सह्या होतात. भिंतीच्या तड्याशेजारी पेन्सिलने रेघ मारून तारीख घातली आहे. वही नवी आहे, तिच्यात अजून एक वर्षही पुरे झालेले नाही. उद्या ती कोर्टात किती टिकेल ते मला सांगता येणार नाही. पण जमिनीखालचे आजवरचे सगळे कागद दुसऱ्यांनी लिहिले. हा पहिला कागद आम्ही लिहितो आहोत.

तुमच्या गावात खाण असेल तर तुम्हीही एक दोरी घ्या, एक वही घ्या.